दाजींचा कान आणि अक्काचं गप्प बसणं

आमच्या दाजींच्या कानापासून या पृथ्वीवर काहीही लपून राहू शकत नाही, असं सगळं उचगाव मानतं. मीही मानते, फक्त एका गोष्टीचा अपवाद करून. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं. ओतून थंड झालेला लोखंडी भाग घ्यायचा, त्याच्यावरची वाळू झाडायची, बारक्या हातोडीनं ठोकायचा आणि ऐकायचं. अखंड लोखंड घंटेसारखं वाजतं, आत चीर असली तर बद्द बोलतं. चांगल्या भागावर खडूनं गोल, चिरलेल्यावर फुली. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाचा खिसा कायम पांढरा असायचा आणि अक्काचे रविवार ते खिसे घासण्यात जायचे.

फौंड्रीत ठोकून माणूस घरी येतो तेव्हा ठोकायचं थांबवतो अशी आपली समजूत असते. दाजी नारळ ठोकायचे, कलिंगड ठोकायचे, हे कुणीही करतं, पण ते एस.टी.चा पत्राही ठोकून मगच आत चढायचे. माझ्या लग्नात रुखवतातलं एकेक भांडं त्यांनी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं आणि भर मांडवात पितळी घागरीवर फुली मारली. माझ्या सासूबाई वर्षभर ती फुली विसरल्या नाहीत. मग घागर बुडातून पाझरायला लागली आणि त्या दाजींचं नाव जरा हळू आवाजात घ्यायला लागल्या. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. आमच्या क्वार्टरमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा दाजींनी पाण्याच्या पेल्याला हात लावायच्या आधी भिंतीला लावला. म्हणाले, "नर्सबाई, ह्या भितीत पाणी हाय."

"वर टाकी नाही, पलीकडे नळ नाही. कुठून येईल पाणी?"

"ते मला काय ठावं? हाय एवढं सांगितलं."

नवव्या दिवशी त्यांनी ठोकलेल्या जागी भाकरीएवढा ओला डाग उमटला. तो पावसाळ्यात वाढला नाही आणि उन्हाळ्यात वाळला नाही. मी त्यावर कॅलेंडर लावलं.

एकदाच ते माझ्या वॉर्डात आले, डबा द्यायला. दारापाशी उभे होते. तिसऱ्या खाटेवरचे एक गृहस्थ खोकले. चांगले हिंडते-फिरते होते, दोन दिवसांत घरी जाणार होते. दाजींचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बद्द वाजलं की गं." मी त्यांना रागावून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले तेव्हा तिसऱ्या खाटेवरची चादर बदललेली होती. त्यानंतर दाजींनी डबा नेहमी गेटवरच दिला.

अक्काला त्यांनी पसंत केलं तेही कानानं. बघायला आले तेव्हा वर पाहिलंच नाही. अक्कानं चहाचा ट्रे ठेवला आणि पाचांपैकी एकही कप किणकिणला नाही. "हात थिर हाय," एवढंच म्हणाले आणि लग्न ठरलं. अक्का होतीच तशी, बिनआवाजाची. ती घरात आहे की नाही हे आम्हा बहिणींना शोधून काढावं लागायचं. बडबडणाऱ्या माणसाजवळ दाजी दहा मिनिटं बसू शकत नसत, अक्काजवळ तासन् तास बसत.

नव्वदच्या सुमारास त्यांनी दोन कॅसेटींचा डेक आणि माईक आणला. दुपारची वेळ होती, मीही तिथेच होते. माईक अक्कापुढे ठेवून म्हणाले, "बोल."

"काय बोलू?"

"कायबी."

"मला न्हाय बाई सुचत. शेंगा फोडते."

आणि तिनं कॅसेटची एक आख्खी बाजू भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. कट, कट, कट. शेवटी एकदा, "झालं का हो? उठू?" आम्ही किती हसलो! दाजींनी मात्र कॅसेटवर खडूनं गोल काढला.

सहा वर्षांनी अक्का गेली. दम लागतो म्हणून दवाखान्यात नेली आणि पंधरा दिवसांत संपली. हृदयाची झडप खराब होती. डॉक्टर सहज म्हणाले, "बरीच वर्षं असणार हे." मी शेजारीच उभी होते. दाजी रडले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती वर्षं?" डॉक्टरांनी खांदे उडवले. बाहेर व्हरांड्यात येऊन दाजी मला म्हणाले, "घरात चीर हुती आन मला ऐकू आली न्हाय?" मी त्यांना सांगितलं की झडप बाहेरून ऐकू येत नसते. ते म्हणाले, "भितीतलं पाणी तरी कुठं येतं?"

निवृत्तीनंतर त्यांनी गावातल्या एका दुकानातून मोठं मशीन आणलं, सीडी लावायचं, चार बाजूंना चार स्पीकरचं. कॅसेटला बुरशी धरायला लागली होती, तिची सीडी करून घेतली आणि कॅसेट गेली. मग रोज जेवण झालं की पडदे ओढून दाजी मधोमध खुर्चीत बसायचे आणि अक्काच्या शेंगा ऐकायचे. शेजाऱ्यांना वाटायचं म्हातारा भजनं ऐकतो. मी एकदा बसले त्यांच्याजवळ. शेंगेचा आवाज उजवीकडून यायचा, अक्का बसायची तिथूनच, आणि दोन शेंगांच्या मध्ये खोलीची खरखर, लांबची एखादी सायकल आणि त्या सगळ्याच्या तळाशी तिचा श्वास. मी उठून पाणी प्यायला गेले. पाणी पिऊन आले तरी ती तिथेच बसलेली होती.

"चीर हाय का ते बघतोय," दाजी म्हणाले. "कधी वाटतं हाय, कधी वाटतं न्हाय. खरखर मधी येती. एका रविवारी सवडीनं ये. श्वास ऐकायचा म्हंजे तुझं काम."

मी रविवार ठरवला. त्याच्या आधीच्या गुरुवारी दुकानदाराचा फोन आला. मशीनच्या पोटातला प्रोग्रॅम कंपनीनं नवा काढलाय, अपडेटची सीडी घेऊन जा, आवाज एकदम स्वच्छ होईल. दाजींना हे लगेच पटलं. वाळू झाडल्याशिवाय भाग ठोकायचा नसतो, ही तीस वर्षांची शिस्त. वाळू झडेल आणि रविवारी नर्सबाईला चीर असली तर स्पष्ट ऐकू येईल. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, असं दुकानदारानं बजावलं होतं. दाजी वायरमनच्या घरी जाऊन लोडशेडिंगची वेळ दोनदा विचारून आले, आणि वीस मिनिटं प्लग हातानं दाबून जमिनीवर बसून राहिले. जणू वीज निसटून जाणार होती.

रविवारी मी गेले तेव्हा ते खुर्चीत नव्हते, दाराजवळ उभे होते. "तूच ऐक," म्हणाले.

मी ऐकलं. कट. मग काही नाही. कट. काही नाही. खरखर गेली होती, सायकल गेली होती, खोली गेली होती. शेंग फुटली की मागोमाग अर्धा श्वास यायचा आणि तिथेच कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखा तुटायचा. वॉर्डात मी तसे श्वास ऐकलेत, शेवटच्या तासातले. मीच मशीन बंद केलं.

"आधी ती गप्प बसलेली ऐकू यायची," दाजी म्हणाले. "आता गप्प बसली की ती नसतीच. मी वाळू समजून तिलाच झाडलं की गं."

दुकानदारानं समजावून सांगितलं. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की नवा प्रोग्रॅम तो बंदच करून टाकतो. गिऱ्हाइकं खरखरीची तक्रार करायची म्हणून.

"जुना घाला परत."

"वर गेलं की खाली येत न्हाय काका. नवीनच ऱ्हाणार."

"मग दुसऱ्या मशीनवर लावा," मी म्हणाले. साधा उपाय होता, तो आम्ही केला. माझ्या घरच्या छोट्या प्लेअरवर शेंगा आल्या, श्वास नाही. भाच्याच्या कॉम्प्युटरवर पंखाच इतका मोठ्यानं श्वास घेत होता की दाजी त्या डब्याला ठोकून म्हणाले, "ह्यो कोण?" शेवटी दुकानदारानंच आठवून सांगितलं, याच जातीचं आणखी एक मशीन कुरुंदवाडला गेलंय, पोस्टातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे. अपडेट न्यायला ते आलेलेच नाहीत.

आम्ही दुपारच्या एस.टी.नं गेलो. अनोळखी घरी जाऊन काय सांगायचं याची मी वाटेत तयारी केली होती, पण ते गृहस्थ ओट्यावरूनच म्हणाले, "या की पावणं! दुकानवाल्याचा फोन आलाय. आत चला, ऊन लई हाय." लहानशी, सारवल्यासारखी स्वच्छ खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात तेच मशीन. त्यांची बायको आतून म्हणाली, "बसा, चहा टाकते." तिनं आम्हाला पाहिलं नव्हतं, फक्त आमचे आवाज ऐकले होते.

दाजींनी सीडी घातली. मी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं, सवयीनं.

"मला न्हाय बाई सुचत. शेंगा फोडते."

आणि ती परत आली. खरखर आली, खोली आली, सायकल गेली. घरचे गृहस्थ काहीतरी बोलणार होते, त्यांनी तोंड मिटून घेतलं. त्या परक्या घरात, उजव्या कोपऱ्यात, अक्का बसून होती. मी मोजायला लागले. सात श्वास बरोबर आले. आठव्याच्या शेवटी बारीकशी अडखळ होती, पायरी चुकल्यासारखी. मग तेराव्याला. मग एकोणिसाव्याला. मी पूर्ण दोन मिनिटं मोजलं, कारण एका मिनिटावर मी कधी विसंबत नाही.

आतून यजमानीण ट्रे घेऊन आली. आम्ही तिघे आणि ती चौथी. ट्रेमध्ये पाच कप होते. तिनं खोलीभर पाहिलं.

"त्या ताई कुठं गेल्या? शेंगा फोडत बसल्यात न्हवं?"

कोपऱ्यातून कट असा आवाज आला. तिनं तिकडे पाहिलं, ट्रे खाली ठेवला आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "गोल का फुली?"

मी रुग्णांच्या नातेवाइकांना खोटं सांगितलेलं नाही. वीस वर्षांत, कुणाच्याही खाटेशी, एकदाही नाही. त्यावरून माझी दोनदा तक्रारही झालेली आहे.

"गोल," मी म्हणाले.

दाजींनी डोळे मिटले. अक्काकडे नाही, माझ्याकडे कान करून बसले होते. त्यांनी खिशातून खडू काढला, सीडीचं कव्हर गुडघ्यावर घेतलं, खडू टेकवला. मग उचलला आणि काहीच न काढता परत खिशात ठेवला.

"व्हय," ते हळूच म्हणाले. "गोल." आणि पाचवा कप दोन्ही हातांनी उचलून सावकाश प्यायले.

सीडी त्यांनी तिथेच ठेवली. महिन्या-दोन महिन्यांनी डबा घेऊन एस.टी.नं कुरुंदवाडला जायचे. ती बाई दारातच विचारायची, "ताईस्नी भेटायला आलासा व्हय?" आणि न विचारता एक कप जास्त ठेवायची. त्या दुपारनंतर दाजींनी काही ठोकल्याचं मी पाहिलं नाही. एस.टी.तसुद्धा सरळ चढले. आता त्यांचे शर्ट मोलकरीण धुते. खिसे पांढरे नसतात.

मी कुरुंदवाडला परत गेले नाही. मला कामं असतात. पण दुपारी एकटीच शेंगा फोडत बसले की मध्येच हात थांबतो. घर गप्प होतं, आणि त्या गप्पपणाच्या तळाशी एक श्वास ऐकू येतो. मग मी स्वतःचा श्वास रोखून धरते. तो माझाच होता का, एवढंच बघायला.