चौदा बाजे, आवाज तीन

मी लग्नाला हो म्हटलं ते बँडसाठी. हे मी पुढं कितीतरी जणांना सांगितलं आणि दरवेळी समोरचं माणूस हसलं. हसू द्या. ज्यांनी तो क्लॅरनेट ऐकलाच नाही त्यांच्याशी वाद कशाला घालायचा?

मी ऐकला होता. नववीत असताना माझे वडील, आमचे आबा, मला चष्म्यासाठी परभणीला घेऊन गेले होते. ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून आज यांचा बंद, उद्या त्यांचा. आम्ही दवाखान्यातून बाहेर येईपर्यंत एसट्या जागच्या जागी थांबलेल्या. आमच्या पेडगावला जाणारी सकाळची पॅसेंजर कधीच गेली होती आणि दुसरीला अजून पुष्कळ वेळ होता. स्टँडच्या पत्र्याखाली आम्ही घरून आणलेली भाकरी सोडली, तेवढ्यात समोरच्या रस्त्यानं लग्नाची मिरवणूक आली. पुढं तो बँड. साऱ्या मराठवाड्यात ज्याचं नाव होतं, मोठ्या घरच्या लग्नपत्रिकेत ज्याचं नाव नवरदेवाच्या मामाच्या वर छापायचे, तोच.

आधी सगळे बाजे मिळून नुसता दणका. मग पुढं चालणाऱ्या मास्तरनं हात वर केला आणि सगळे एकदम गप्प झाले. राहिला एकटा त्याचा क्लॅरनेट. तो सूर असा वर वर चढत गेला, की आता तुटतोय की काय असं वाटावं, आणि तो काही तुटेना. हातातली भाकरी तशीच राहिली. आबा म्हणाले, "खा की, काय तोंड वासून बसलीस!" मी कसली खाते? मिरवणूक वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते आणि गेल्यावरही थोडा वेळ उभीच होते.

त्यानंतर मला त्या बँडनं अगदी झपाटलं. पण पेडगावात तो येणार कशाला? आमच्याकडच्या लग्नांत साधे बाजेवाले यायचे, बिचारे मनापासून वाजवायचे, पण मी मनातल्या मनात नाक मुरडायची. मोठ्या लग्नात कुठं तो बँड आला तरी त्याच्यामागं गावभर हिंडायची मुभा पोरांना. पोरींनी दारात उभं राहून जे कानावर पडेल ते ऐकायचं.

दहावीनंतर घरी बसले आणि स्थळं येऊ लागली. एक जिंतूरकडचं आलं. मुलगा, त्याचे चुलते आणि गावचे दोघे. मला पाटावर बसवलं, नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भरतकाम येतं का विचारलं. उठायच्या आधी चुलते रीतीप्रमाणं म्हणाले, "पोरी, तुला काई इचारायचं आसंल तर इचार." हे सगळेच म्हणतात आणि नवरीनं मान हलवून नाही म्हणायचं असतं. मी म्हटलं, "बँड कोणता आणणार?"

माझ्या शेजारी आत्या बसली होती, आबांची थोरली बहीण. तिनं मला असा चिमटा काढला की तो पुढं आठ दिवस निळा होता. आबा खाली बघायला लागले. चुलत्यांना ठसका लागला. बोलला तो मुलगाच, "तुमाला कोनता पायजे?" मी त्या बँडचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "आनू."

एवढंच. आमच्याकडं बैठकीत ठरतं ते असं, मंडप नवरीचा आणि बाजा नवरदेवाचा. तेव्हा तो आणू म्हणाला म्हणजे आणणार, आणि मी हो म्हटलं. आत्या महिनाभर मला बोलत होती, "लोक नवऱ्याचं घर बघतेत, रान बघतेत, आन ही बया बाजा बघायली!" मी तिला म्हटलं, जो बाज्याच्या शब्दाला जागतो तो बाकीच्यालाही जागेल. बोलताना मी हसत होते, पण पुढं ते मला खरंच वाटायला लागलं.

लग्न वैशाखात धरलं. तिथी मोठी होती. त्या एका दिवशी पंचक्रोशीत इतकी लग्नं, की भटजी मिळणं मुश्किल. मला त्याचं काय? मला हळद लागली तरी माझं चित्त ट्रकच्या आवाजाकडं. पाहुण्यांचा ट्रक सकाळी आला. गावाबाहेर ढोलावर दोनचार थापा पडल्या आणि मी मान खाली घालून कान दिला. मैत्रिणींना वाटलं नवरदेव आला म्हणून नवरी लाजली.

आता आमच्याकडची पद्धत अशी की लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो. त्याला परण्या म्हणतात. सगळं गाव त्या मिरवणुकीत असतं, बँडचं खरं वाजवणं तिथंच होतं. आणि नवरी? तिनं तेवढा वेळ घरात, भिंतीकडं तोंड करून गौरहर पूजत बसायचं. ताटलीत अन्नपूर्णा, समोर तांदूळ, चिमटीनं एकेक वाहायचे. बाहेर बघायचं नाही. म्हणजे ज्या एकीनं तो बँड मागितला होता, ती एकटी सोडून तो सगळ्या पेडगावाला दिसणार होता. मला त्याचंही वाईट वाटत नव्हतं. बघायचं काय असतं बँडमध्ये? ऐकायचं असतं.

सोबतीला आत्या. तिला मी खिडकीशी उभं केलं, तिथून मारुतीचा पार दिसायचा.

परण्या निघाला. दणका सुरू झाला आणि मी डोळे मिटले. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. मी डोळे उघडले.

"आत्या, बाजे किती हायत?"

"लय हायत गं माय! लाल डरेस, टोप्यांला तुरे. थांब, मोजते." तिनं बोटांवर मोजलं. "चौदा."

मी पुन्हा कान दिला. ढोल एक. तोंडानं वाजवायचे दोन, त्यातला एक सारखा मागं पडणारा. मी प्रत्येक आवाजाला एक तांदळाचा दाणा बाजूला काढला. तीन दाणे झाले. कितीही कान ताणला तरी चौथा दाणा उचलता येईना.

"आत्या, क्लॅरनेट कुनाकडं हाय? काळा, लांब आस्तो त्यो."

"हाय की. म्होरल्याच्या हातात हाय. त्यो..." आत्या थांबली. मग खिडकीला आणखी चिकटली. "आगं, त्यो तर पल्याडच्या वस्तीवरचा! गंगाखेडला ऊस तोडायला जातंय दरसाल. ह्यो कवा शिकला गं वाजवायला?"

"वाजवायलाय का?"

"गाल तर फुगवायलाय."

माझ्या सगळं ध्यानात आलं. मोठ्या तिथीला बँडवाले एका बँडचे चार करतात, हे मी ऐकून होते. खरे वाजवणारे चारी लग्नांत वाटून द्यायचे आणि उरलेल्या ड्रेसांत दिवसभरासाठी मजूर उभे करायचे. हातात बाजा द्यायचा आणि सांगायचं, तोंडाला लाव, फुंकू नको. नवरदेवाकडचे लोक सुपारी देताना बँडचं नाव सांगतात, पण मास्तर कोणत्या लग्नाला जाणार हे कुणी विचारत नाही. नाव मोठं, लक्षण खोटं. आणि बाहेर गाव नाचत होतं! पोरं शिट्ट्या मारत होती, बाया कौतुकानं बघत होत्या, लाल ड्रेस आणि तुरे बघून सगळे खूष. एवढ्या पेडगावात त्या बँडचं पितळ एका मलाच उघडं दिसत होतं आणि मी भिंतीकडं तोंड करून बसले होते.

मला इतका राग आला की तांदूळ वाहायचे ते मी फेकायला लागले. बँड गेला चुलीत. मला राग होता त्या आणू म्हणणाऱ्याचा. मी ज्या एका शब्दावर उडी मारली होती तो शब्दच पोकळ निघाला, तर त्याचं घर, रान, स्वभाव, सगळं त्याच मापाचं असणार. लग्नाला घटकाभर उरलं होतं आणि मी कुणाच्या घरी चालले होते ते मला कळेना.

तेवढ्यात बँड थांबला. मधेच, सूर अर्धा टाकून.

"काय झालं गं?"

"नवरदेव घोड्यावरून उतरला," आत्या म्हणाली. तिचा आवाज बदलला. "मारुतीच्या म्होरं हुभा हाय. आगं बाई, रुसला वाटतं."

मारुतीपुढं नवरदेव रुसतो ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. मंडपाची घाई, मुहूर्त डोक्यावर, तेवढ्यात तो घोड्यावरून उतरतो आणि ठरलेलं नसलेलं काहीतरी मागतो. घड्याळ, रेडिओ, अलीकडं मोटरसायकल. मग नवरीच्या बापानं पागोटं काढून हातापाया पडायचं. आबांनी माझ्यासाठी होतं नव्हतं ते सगळं केलं होतं. आता त्यांना आणखी काही जमलं नसतं, हे मला माहीत होतं आणि आत्यालाही. ती पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

मी म्हटलं, "आत्या, मोटरसायकल मागायला आसंल तर मी ह्या पाटावरून उठनार."

"गप बस! काय बोलायलीस?"

"खोटा बँड आनायचा आन वरून रुसायचं? उठनार म्हंजे उठनार."

मी खरंच उठले असते. मुंडावळ्या बांधलेल्या होत्या, अंगावर पिवळं लुगडं होतं, तरी उठले असते. आत्यानं माझे दोन्ही खांदे दाबून धरले होते. बाहेर शांतता. कुठं कुणाचा तरी चढा आवाज, मग पुन्हा काही नाही. तो वेळ पाच मिनिटांचा असेल, पण मला तो सहन होत नव्हता.

आबा दारात आले. पळत आल्यामुळं दम लागलेला, पागोटं डोक्यावर होतं तसंच.

"काय मागायलेत?" आत्यानं विचारलं.

"काईच न्हाई मागायले."

"मग उतरले कामून?"

आबा उंबऱ्यावरच बसले. "उतरून सरळ बँडवाल्याकडं गेले. म्हनले, चौदांत तिघंच वाजवायलेत, मास्तर कुटं हाय? त्यो म्हनला, आज चार ठिकानी हाय आमचा बँड, मास्तर एकाच ठिकानी जानार. तवा जावई म्हनले, मग जे वाजवायलेत त्येवढ्यांनीच वाजवा. बाकीच्यांनी ते डरेस काढा, उनात जीव जाईल, मंडपात जाऊन जेवा. त्यांचे चुलते लय भडकले. म्हनले, आरं, लोकं नाचायलेत, चालू दे की! कुनाला काय कळतंय त्यातलं?"

"मग?" हे मी विचारलं. भिंतीकडं तोंड करूनच.

आबांनी माझ्याकडं बघितलं असावं. त्यांचा आवाज हळू झाला.

"मग म्हनले, ती आत बसून ऐकायली ना. तिला कळायलंय."

मारुतीच्या पारावर बसून ते तिघं पुन्हा वाजवायला लागले. वाजवणं बेताचंच होतं, मागं पडणारा अजूनही मागंच पडत होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम, मला थांबवता येईना. सगळ्या गावासमोर, चुलत्यांसमोर, लग्नाच्या आधी घटकाभर, एक माणूस माझ्या कानांचा विचार करून घोड्यावरून खाली उतरला होता.

"रडू नगं," आत्या म्हणाली, "कुकू पसरंल."

मी म्हटलं, "मग चल की लवकर मंडपात."