शनिवारी आलेलं ऑलिव्हचं तेल

ऑलिव्ह म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी पहिली मुलगी आठव्या महिन्यातच झाली, ओंजळीत मावेल एवढी, तेव्हा हा शब्द घरात आला. आमचे नाशकातले डॉक्टर तिला बघून म्हणाले, "अंघोळ घालू नका. ऑलिव्हचं तेल कोमट करून लावा नि कापसात गुंडाळा. ऊब गेली की बाळ गेलं." घरातलं करडईचं चालेल का विचारलं, तर इतक्या कोवळ्या कातडीला नको म्हणाले. म्हणजे बघा, पोरीचं सगळं त्या तेलावर आलं.

ते मिळायचं देवळाली कॅम्पात, गोऱ्यांच्या सामानाच्या दुकानात. हे सायकल काढून गेले. दुकानदारानं यांना बरणीतलं एक फळही चाखायला दिलं. आल्या आल्या अंगणातूनच मला ओरडून सांगतात, "अगं, बोराएवढं असतं, हिरवं, खारट नि कडू! गोरे लोक पैसे देऊन खातात!" बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

पण सासूबाई दारात आडव्या उभ्या. "आज वार कोणता?"

"शनिवार. बरं मग?"

"शनिवारी तेल घरात येत नाही."

"आई, अगं हे औषध आहे!"

"बोट बुडवून दाखव. तेल नसलं तर आण आत."

शेजारच्या खाला कुंपणापलीकडून ऐकत होत्या. बोलायला फटकळ बाई. "भाभी, आमच्यात याला जैतून म्हणतात. बरकतीचं तेल आहे. वारबीर काय बघता? तुमच्यात नसेल चालत तर बच्ची माझ्याकडं द्या. माझा उंबरा वार विचारत नाही."

"सोयरातलं बाळ घराबाहेर? काहीतरीच तुमचं!"

बाटली दाराबाहेर ओट्यावरच राहिली.

सासूबाई वाईट नव्हत्या हो. त्यांची स्वतःची दोन बाळं पाळण्यात गेली होती. दुसरं गेलं त्याच आठवड्यात कुणीतरी शनिवारी तेल आणलं होतं, ते त्यांच्या मनात घट्ट बसलेलं. त्या आपल्या परीनं पोरीला वाचवतच होत्या. माझ्या खाटेखाली शेगडी ठेवून निखारे फुलवत बसल्या, पाठ एकदाही टेकली नाही.

रविवारी उजाडलं न उजाडलं तोच ओट्यावर गेल्या. बाटली पदराखाली धरून लगबगीनं आत आल्या. "उघड गं तिचं दुपटं, उघड लवकर." पोरगी माझ्या मांडीवर गार झाली होती. बारसं व्हायचं होतं तिचं. नाव नाही, काही नाही.

तेलानं वाचली असती का? देव जाणे. डॉक्टरांना विचारायला कुणी गेलंच नाही.

दूध मात्र माझं थांबेना. गाठी झाल्या, ताप भरला. तेव्हा ती बाटली सासूबाईंनीच उघडली. तळहातावर तेल कोमट करून माझी छाती चोळायला लागल्या. चोळता चोळता मध्येच थांबल्या. "किती मऊ आहे गं हे," एवढंच म्हणाल्या, नि माझ्याच खांद्यावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागल्या.

पुढं माझी आणखी दोन बाळंतपणं झाली त्या घरात. नंतर कधी शनिवारी कुणी तेल घेऊन आलं, तर सासूबाई वार विचारायच्या नाहीत. हातातलं काम टाकून उठायच्या, दारापर्यंत जायच्या नि ते तेल स्वतः उचलून आत आणायच्या.