रिकाम्या कचरापेटीची साक्ष

डूख धरावा तो दाफिंकाने. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने एकदा तिला कालची बानित्सा, म्हणजे चीजचा पापुद्र्यांचा पाव, आजची म्हणून दिली. तेव्हापासून एकोणीस वर्षे ती पाव आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला, पार डॅन्यूबच्या धक्क्यापर्यंत चालत जाते. जाते ती मुद्दाम त्याच बेकरीवरून आणि भरलेली पिशवी त्याला दिसेल अशी धरून परत येते. पाद्रीबाबांनी एकदा समजावून पाहिले, तर म्हणाली, "माफ करणं हे देवाचं काम. त्याच्या कामात मी कशाला लुडबुड करू?"

तिचे स्वतःचे काम शोकपत्रके छापण्याचे. गावात माणूस गेले की काळ्या चौकटीचा कागद फाटकावर, बसथांब्याच्या खांबावर, चर्चच्या भिंतीवर आणि लिंडनच्या झाडांवर लागतो. वर फोटो, मध्ये चार ओळी आणि खाली शोकाकुल माणसांची नावे. चाळीस दिवसांनी नवा कागद, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने आणखी एक. सकाळी पाव आणायला निघालेली माणसे थांबून वाचतात, आणि खरे सांगायचे तर गेलेल्याचा फोटो नंतर बघतात, खालची नावे आधी. कोणती सून पहिली, कोणता जावई गायब, यावर आठवडाभर बाकांवर चर्चा चालते. म्हणून रांगेलच्या छपाईच्या दुकानात दाफिंका प्रत्येक मजकूर तीनदा वाचायची. सव्वीस वर्षांत एक नाव चुकले नव्हते. नवरा नाही, मूल नाही, घर भाड्याचे. "दाफिंकाच्या हातून नाव चुकत नाही," हे गावाचे बोलणे, एवढेच काय ते तिच्यापाशी होते.

तेच तिच्याकडून हिसकावले गेले.

आठ फेब्रुवारीला पहाटे कुन्चो गेला. आयुष्यभर नदीवर फेरीबोट चालवली आणि शेवटची सात वर्षे अंथरुणात काढली. मुलगा मिल्को गावातच टायरचे दुकान चालवतो. मुलगी नेद्याल्का, म्हणजे नेदा, इटलीत बेर्गामोला म्हाताऱ्या बायकांची सेवा करते. अकरा बेचाळीसला मिल्कोची मेल दुकानात आली. दाफिंकाने ती दोनदा वाचली आणि उठून रांगेलला दाखवली.

"सख्ख्या बहिणीचं नाव नको म्हणतोय."

"गिऱ्हाईक सांगेल ते छापायचं," रांगेल म्हणाला. रांगेल दुकानाचा मालक, आणि मिल्को त्याचा पत्त्यांच्या डावातला जोडीदार.

दाफिंकाने छापले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेदा सोफियाहून आलेल्या बसमधून उतरली आणि थांब्यावरच्या खांबावरून तिचा बाप तिच्याकडे पाहत होता. खाली मुलगा होता, सून होती, नातू होता. तिचे नाव नव्हते. ती सामान ओढत तशीच दुकानात आली. मागून धापा टाकत मिल्को आला, आणि तमाशा बघायला चार माणसेही आली.

"मी फोनवर दोन्ही नावं सांगितली होती," मिल्को म्हणाला. "हिनंच गाळलं. वय झालं हिचं."

"फोन?" दाफिंका म्हणाली. "तू मेल केलीस. रांगेल, उघड आणि दाखव यांना."

रांगेल खुर्चीवर बसला. आलेल्या मेलमध्ये ती नव्हती. मग त्याने सगळ्यांना दिसेल असा पडदा वळवला आणि कचरापेटी उघडली. "आली असती आणि चुकून उडाली असती, तर इथे सापडली असती ना? बघा. रिकामी." बोलताना त्याने दाफिंकाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. दुकानाच्या मेलचा पासवर्ड जगात दोघांनाच माहीत होता. तिला कळायचे ते कळले. पण कळणे वेगळे आणि दाखवणे वेगळे.

नेदा दाफिंकाच्या पायाशी थुंकली. "बापाला शेवटचं बघायला आले, मावशी, आणि तुम्ही मला त्याची लेकच ठेवली नाहीत." मग ती बापाला पुरायला गेली.

संध्याकाळी रांगेलने दाफिंकाला घरी बसवले. आणि चाळिसाव्या दिवशी त्या बेरक्याने काय करावे? कुन्चोचा नवा कागद स्वतः छापला आणि नेदाचे नाव त्यात सगळ्यांत वर घातले. गावाने वाचले आणि गावाला पटले: दाफिंका गेली आणि नावे बरोबर यायला लागली. बायका तिला पाहून रस्ता ओलांडू लागल्या. ज्या कोलेव्ह म्हाताऱ्याने आपला कागद जिवंतपणीच तिच्याकडून लिहून घेतला होता, तो येऊन म्हणाला, "दाफिंके, तो कागद जरा परत दे. दुसऱ्याकडून तपासून घेतो." तिने दिला, दार लावले आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रांगेलला आणि मिल्कोला असे काही शिव्याशाप दिले की ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

एप्रिलच्या एका मंगळवारी सकाळी दहाला तिचा फोन वाजला. रांगेल होता. तिने दोनदा वाजू दिला आणि तिसऱ्यांदा उचलला.

"दाफिंके, जरा येतेस? कंप्युटरने मेल गिळली."

मुख्याध्यापिका वासिल्काबाई गेल्या होत्या. निम्मे गाव त्यांच्या हाताखाली शिकलेले. मुलाने व्हिएन्नाहून फोटो आणि मजकूर पाठवला आणि तो विमानात बसला. आता दुपारपर्यंत त्याचा फोन बंद. बाराला नातेवाईक कागद न्यायला येणार होते. आणि रांगेलने जाहिरातींच्या मेल साफ करता करता तीही साफ केली होती.

"कचरापेटीत बघ की," दाफिंका म्हणाली.

"बघितलं! तिथे पण नाही. रिकामी आहे, नेहमीसारखी."

ते 'नेहमीसारखी' तिच्या कानात अडकले. शाईवाले, कागदवाले, शवपेट्यांवाले, रोज तीस तीस जाहिराती ती स्वतः उडवायची. इतक्या वर्षांचा तो कचरा गेला कुठे? कचरापेटी कधी कोणी उपसली नाही, आणि तरी ती रिकामी. म्हणजे तिच्यात कधी काही पडलेच नव्हते. मग त्या दिवशी रांगेलने गावाला जी दाखवली, ती रिकामी पेटी कशाचा पुरावा होती?

"येते," ती म्हणाली, आणि जाण्याआधी तिने केस विंचरले.

दुकानात रांगेलने स्वतः खुर्ची पुढे केली. दाफिंका घाईने काही करणाऱ्यांतली नव्हे. आधी तिने वासिल्काबाईंच्या नावाने शोधले; काही नाही. मग मेल देणाऱ्या कंपनीच्या पानावर जाऊन तिथलीही कचरापेटी उघडली, तीही कोरडी. मग ती सेटिंगमध्ये शिरली आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली. खूप खाली एक प्रश्न होता: मेल काढून टाकली की काय करायचे? एक उत्तर होते, कचरापेटीत हलवा. दुसरे होते, जागच्या जागी नुसती खूण करा. खूण दुसऱ्यावर होती. नऊ वर्षांपूर्वी ज्या कोणी हे यंत्र लावून दिले, त्याने असे ठेवून दिले होते आणि तो निघून गेला होता. खाली आणखी एक ओळ होती: खूण केलेल्या मेल दाखवू नका. म्हणजे काढलेली प्रत्येक मेल होती तिथेच बसून होती, फक्त झाकलेली.

रांगेल फोनवर वासिल्काबाईंच्या भाचीला "होतंय, होतंय" सांगत होता. दाफिंकाने ती खालची खूण काढली.

पडदा भरून गेला. नऊ वर्षांच्या मेल, फिकट अक्षरांत, प्रत्येकीवर आडवी रेघ. सगळ्यांत वर वासिल्काबाई. दाफिंकाने त्यांना हात लावला नाही. ती खाली गेली, मार्च, फेब्रुवारीचा शेवट, मग आठ तारीख. अकरा बेचाळीस. मिल्को. तिने ती एक मेल आधी छापली. यंत्र खडखडले.

"आलं का?" रांगेल हर्षाने ओरडला. "देव तुझं भलं करो, दाफिंके!"

"आलं. पण हे आधी वाच." तिने कागद त्याच्या हातात दिला.

रांगेलने वाचला. त्याच्या कानांपर्यंत लाली चढली. "जुन्या गोष्टी कशाला उकरतेस? मिल्को म्हणाला, थोडं सांभाळून घे. मी काय म्हणणार होतो? तुझा पगार हवा तर..."

"इथे एक बटण आहे," दाफिंका म्हणाली. "दाबलं की खूण केलेलं सगळं कायमचं जातं. वासिल्काबाईंसकट. माझा कागद तर निघाला. आता अकरा वाजून दहा मिनिटं झालीत."

"काय पाहिजे तुला?"

"कुन्चोचा एक नवीन कागद. साठ प्रती. तुझ्या यंत्रावर, तुझ्या हातानं."

नाक दाबले की तोंड उघडते म्हणतात. रांगेलचे तोंड उघडेच राहिले. दाफिंकाने टाइप केले. वर कुन्चोचा फोटो, बोटीवरची टोपी घातलेला. खाली: "फेब्रुवारीतल्या कागदावर मुलगी नेद्याल्का हिचे नाव नव्हते. ते छापताना राहिले नव्हते. मुलगा मिल्को याची त्या दिवशीची मेल जशीच्या तशी देत आहोत: 'माझं, बायकोचं आणि पोराचं नाव टाका. नेद्याल्काचं नको. ती बेर्गामोत दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या पुसत होती तेव्हा इथे बाबांना मी पुसत होतो. लोकांना काय सांगायचं ते मी बघतो.' ही मेल दुकानाचे मालक रांगेल यांनी लपवली होती. ती सापडली आहे. छापणारी: दाफिंका."

"माझं नाव तरी काढ," रांगेल काकुळतीला आला.

"सव्वीस वर्षांत मी कोणाचं नाव गाळलं नाही. तुझं का गाळू?"

त्याने छपाईच्या यंत्राचे बटण दाबले. साठावी प्रत बाहेर पडल्यावर तिने वासिल्काबाईंच्या मेलवरची रेघ हटवली, कागदाचा मजकूर जुळवला, तीनदा वाचला, छापला आणि बाराला सात मिनिटे कमी असताना भाचीच्या हातात ठेवला. त्या बिचारीचा काय दोष.

मग ती भर दुपारी, सगळ्यांसमोर, कागद लावायला निघाली. प्रत्येक प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली, चारी बाजूंनी चिकटपट्टी. बसथांब्याचा खांब, चर्च, नगरपालिका, मिल्कोच्या दुकानासमोरचे लिंडन, शेवटी त्याच्या घराचे फाटक. नेहमीप्रमाणे लोक आधी खालून वाचू लागले, आणि या वेळी वरपर्यंत सगळे वाचून पुन्हा खाली आले.

आता आमच्याकडे लावलेले शोकपत्रक कोणी फाडत नाही. ऊन, वारा आणि पाऊस काय नेतील ते नेतील. हाताने फाडणाऱ्याच्या घरी पुढचा कागद लागतो म्हणतात. मिल्को संध्याकाळी फाटकाशी आला आणि त्याने कोपऱ्याला नख लावले. समोरच्या बाकावरून स्तांका म्हातारी म्हणाली, "काय रे, बापाचं तोंड फाडतोस?" त्याने हात खिशात घातला. दुसऱ्या दिवशी टायर बदलायला आलेली माणसे टायर बदलेपर्यंत लिंडनकडे तोंड करून उभी राहिली, आणि एकानेही त्याला काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

दाफिंकाने एका प्रतीचा फोटो बेर्गामोला पाठवला, सोबत एक शब्दही नाही. रात्री नेदाचा फोन आला.

"मावशी, मी तुमच्या पायाशी थुंकले होते."

"हो."

"माफ करा मला."

"बघू," दाफिंका म्हणाली.

चार दिवस रांगेलच्या दुकानात शिरणारा प्रत्येकजण "दाफिंका कुठे?" विचारून परत गेला. पाचव्या दिवशी तो स्वतः तिच्या दाराशी आला आणि खुर्ची, पगार, सगळे कबूल करून तिला घेऊन गेला. कोलेव्ह म्हाताराही आपला कागद छातीशी धरून पुन्हा आला. तिने त्याला मुद्दाम पाऊण तास बसवून ठेवले.

आणि अठ्ठावीस तारखेला मिल्को आला. दुकानात तिघेजण होते. तो वाळला होता, दाढी वाढली होती.

"सात वर्षं मी केलं त्यांचं," तो म्हणाला. "अंथरूण, गू-मूत, सगळं. ती फोनवर गोड बोलायची आणि पेट्या भरून चॉकलेटं पाठवायची."

"माहीत आहे. गावाला माहीत होतं. त्यासाठी तुला मान होता. तो तू माझ्या जिवावर खर्च केलास."

"काढ ते कागद."

"शोकपत्रक काढत नाहीत."

"प्लास्टिकमध्ये घातलंस तू! पाऊस तरी कसा नेणार?"

मिल्कोने दोन्ही हात टेबलावर टेकले. "नवीन कागद जुन्यावर लावायचा, ही रीत आहे ना?"

"आहे."

"मग सहा महिन्यांचा कागद कर."

तिने कुन्चोचा फोटो बाहेर काढला, चौकट आखली. "नावं सांग."

"मुलगा मिल्को. सून. नातू."

तिने टाइप केले आणि थांबली. दुकानातले तिघे भिंतीवरचे नमुने बघत असल्यासारखे उभे होते.

"आणि?"

"तुला माहीत आहे."

"मी ऐकल्याशिवाय लिहीत नाही. मागे ऐकण्यावरून फार गोंधळ झाला होता."

मिल्कोने त्या तिघांकडे पाहून आवाज खाली आणला. "मुलगी नेद्याल्का."

"मोठ्यानं."

"मुलगी नेद्याल्का!" तो ओरडला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. दाफिंकाला त्याची कीव आली नाही. तिला बरे वाटले, हाडांपर्यंत बरे वाटले. तिने मजकूर छापून त्याच्यापुढे ठेवला, खाली त्याची सही घेतली आणि कागद खणात घातला.

"दे की इकडे," मिल्को म्हणाला. "आज लावतो."

"आठ ऑगस्टला ये."

"आज एप्रिल चालू आहे!"

"सहा महिने आठ ऑगस्टला होतात. मेलेल्या माणसाची तारीख मी चुकवत नाही." तिने त्याच्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाइकाला खुणेने पुढे बोलावले. "तोवर जुना राहू दे, मिल्को. प्लास्टिक चांगलं आहे."