ठमाबाईचा साकव

ठमाबाई आमच्या पाड्याची धवलारीण. आमच्याकडं लग्न लावायचं ते तिनंच, धवले गाऊन. ती गायला लागली की वाजंत्रीसुद्धा गप बसायचे. नवरा लवकर गेला, पदरात एकच लेक, कमळा, ती पडघ्याला दिलेली. मी तुळजा, तिच्या शेजारची. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगते.

पाडा आणि दापोड्याचा रस्ता यांच्या मधे खाडीचा ओहोळ. ओहोटीला चिखल तुडवत जायचं, भरतीला ताडाच्या ओंडक्यांवरून. पावसाळ्यात ओंडके वाहून जायचे, मग पाणी उतरेपर्यंत बसा बोंबलत!

अठ्ठ्याऐंशी साली सरपंच रामनाथच्या पोराच्या हळदीला आमदार आले. हळदीत धवलारणीनं पाहुण्याकडं काही मागितलं तर त्यानं नाही म्हणायचं नाही, अशी आमच्या पाड्याची रीत. सगळ्यांना वाटलं, लुगडं मागेल. ही म्हणाली, "मना लुगडा नको, सायेब. ओहोलावर साकव बांधा. माझी पोर पयल्या बालंतपनाला यायची हाय."

आमदार हसले. "आमदार निधीतून दिला समजा," म्हणाले. आणि खरंच, थोड्याच दिवसांत ओहोळाच्या काठावर नारळ फुटला. ठमाबाई तिथं धवला गायली. आमच्यात नारळ फुटला म्हणजे शब्द पक्का, तो फिरत नाही. वर आणखी कागद कोण बघतो हो?

पण पुरुषमंडळींच्या डोक्यात किडा वळवळला ना! शेजारच्या गावात स्लॅबचा सभामंडप झाला, मग आपल्या हळदी काय ताडपत्रीखाली करायच्या? रामनाथनं चार टाळकी जमवली आणि आमदारांकडून निधी मंडपाकडं वळवून आणला. बायकांना विचारतंय कोण! देवळामागं खडी-रेती पडली तेव्हा ठमाबाई नाचतच माझ्याकडं आली, "तुलजे, साकवाचा सामान आला गो!" आणि दुसऱ्याच दिवशी लेकीला घेऊन आली. पडघ्याला दवाखाना होता, हमरस्त्यावर गाडी मिळत होती. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि साकव तर होणारच होता.

देवळापाशी खांब उभे राहिले तेव्हा कुठं तिला कळलं. ती तडक रामनाथच्या दारात गेली. तो म्हणतो, "निधी एकच हाय गो. साकव पुढल्या वर्साला. ओहोल काय पलून चाललाय?" तिनं लेकीला परत पोचवायचं ठरवलं, पण तोवर पाऊस लागला होता आणि ओंडके गेले होते. पोटुशी पोरीला ओहोटीच्या चिखलात कशी उतरवणार?

श्रावणात, अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी कमळाला कळा सुरू झाल्या. मूल आडवं. सुईणीनं हात टेकले, भिवंडीला न्या म्हणाली. बाजेवर घालून आम्ही तिला ओहोळाशी आणली. पलीकडं गोदामाचा टेंपो उभा, ड्रायव्हर खलील कमरेएवढ्या पाण्यात उतरून ओरडत होता, "लाओ, जल्दी लाओ!" कशी नेणार? दोर टाकून पाहिला, बाज पाण्यात घातली तर ओढ माणसांनाच खेचायला लागली. तशीच मागं घेतली. ठमाबाई लेकीच्या कानाशी सारखी म्हणत होती, "पानी उतरतंय गो बाय, उतरतंय." पाणी उतरायच्या आधी कमळा गेली. बाळ पोटातच राहिलं.

मंडप माघात पुरा झाला. उद्घाटनाला धवलारीण पाहिजे म्हणून रामनाथ खाली मान घालून तिच्या दारात आला. मी त्याला हाणणारच होते! पण ती गेली. गायली नाही, नुसती कोपऱ्यात उभी राहिली. आमदारांनी तिला पाहिलं आणि हात जोडले. त्यांचे डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "ठमाबाई, चुकलं आमचं. यंदाच्या निधीतून पहिला तुमचा साकव."

"नको सायेब," ती म्हणाली, "आता मना पलीकडं कोनाला न्यायाचा हाय?"