हात-नको इवाई

आमचे इवाई, म्हणजे लेकीचे सासरे, पाहुण्याला रामराम नंतर करायचे, आधी ओरडायचे, "गाडीले हात नका लावू!" म्हणून आमच्या किन्हीराजा गावात त्यांचं नावच पडलं, हात-नको इवाई. रिसोडला त्यांची धान्याची आडत. सगळा जन्म पोत्यांच्या धुळीत गेला, आणि म्हातारपणी यांना गाडीवरची धूळ सोसवेना.

त्या पांढऱ्या गाडीवर त्यांनी कसलंसं पारदर्शक कातडं चढवून घेतलं होतं. रंगाला जपायला कातडं, अन् कातड्याला जपायला हा माणूस. मी चौथी शिकलेला, पण असली बिनकामाची राखण मी केली नसती.

कावळ्यानं घाण केली की ते गाडी सावलीत घेत, पाणी ओतून आधी धूळ घालवत, मग ओला मऊ फडका डागावर पसरून शेजारी खुर्ची टाकत. तापातल्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसे.

"नखानं खरवडा ना, इवाई. कायले बसून राह्यले?"

"खरवडलं का वरखडा पडते. भिजू द्या, आपोआप सुटते."

गेल्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे जेवायला आले. असाच फडका टाकून बसले होते, मी टोमणे मारत होतो, तेवढ्यात घरची, म्हणजे माझी बायको, छाती धरून ओट्यावर बसली. घामानं चिंब, तोंडातून शब्द नाही. इवाईंनी फडका भिरकावला. आम्ही तिला मागच्या सीटवर निजवलं आणि वाशीमकडे निघालो.

पुढे सडकेवर नवं डांबर पडत होतं. मजूर हात हलवत होते, "थांबा, ओलं हाय!" फिरून जायला वेळ नव्हता.

"इहीनबाई, घट्ट धरा," एवढंच इवाई म्हणाले आणि गाडी डांबरात घातली. दारांवर फटफट डांबर बसत होतं. त्यांचं लक्ष आरशात, मागे निजलेल्या तिच्याकडे.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. वाचली.

ती घरी आल्यावर मी डांबर पुसायला डिझेलची चिंधी घेऊन रिसोडला गेलो. गाडीजवळ पोचायच्या आधीच इवाई ओरडले, "हात नका लावू!" डांबर सोडवायचं औषध मऊ फडक्यावर घेऊन ते एकेका ठिपक्यावर नुसतं धरून ठेवत. ढिला झाला की अलगद उचलत, फडक्याची कोरी बाजू काढत, पुढचा ठिपका धरत. शेवटी शाम्पूनं धुणं.

"एवढ्यात माह्यं वावर नांगरून झालं असतं," मी म्हटलं.

"मंग नांगरा ना. कोणं धरलं तुमाले?"

दिवाळी झाली आणि इवाई झोपेतच गेले. तेरवीच्या पंगतीत लोक वाखाणत होते, गाडी कशी नव्यासारखी ठेवली, केवढी जपली. मला राहवेना.

"काय जपली? पाहून सवरून ओल्या डांबरात गाडी घालणारा येडा माणूस होता तो!"

घरची वरण वाढत होती. माझ्यापुढे थांबली. "चूप बसा," म्हणाली.

आजवर कोणी सांगितलं म्हणून मी चूप बसलो नाही. त्या दिवशी बसलो.