पाटीवरची परीक्षा

हदासबाई रोहेकर आमच्या शाळेत तिसरीचा वर्ग घेत. राहायला पनवेलच्या इस्रायल आळीत, म्हणजे मराठी ज्यूंच्या वस्तीत. भाऊ-भावजया एकेक करून इस्रायलला गेले, बाई मात्र "तिकडे मराठी शाळा आहे का?" असं विचारत इथेच राहिल्या. काटकसर इतकी की डाकेने आलेली पाकिटं उकलून आतल्या कोऱ्या बाजूवर टाचणं काढत. मागून आम्ही सगळे शिक्षक त्यांना रद्दीवाल्या बाई म्हणायचो. मीही त्यातलाच.

एकोणनव्वद साली शाळेचं अनुदान रखडलं. चाचण्यांचे पेपर सायक्लोस्टाइल करायचे तर कागद, शाई, स्टेन्सिल, सगळ्याचीच बोंब. हेडमास्तर डोकं धरून बसले तेव्हा बाई म्हणाल्या, "प्रश्न फळ्यावर, उत्तरं पाटीवर. कागद फक्त वार्षिक परीक्षेला."

झालं! पहिली ते चौथी सगळं पाटीवर. बाई रांगेतून फिरत, पाटी तपासत, गुण टिपून घेत आणि म्हणत, "पुसा." ओलं फडकं फिरलं की परीक्षा संपली. माझ्याकडे चौथी होती. पोरांची चित्रंसुद्धा पाटीवर काढून घ्यावी लागली तेव्हा मी बाईंशी कडाकडा भांडलो. त्या हसल्या. "शिकलेलं डोक्यात राहतं गुरुजी, कागदावर नाही." संस्थेने शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

त्यांच्या वर्गात रूपा नावाची कातकऱ्याची पोर होती, कर्नाळ्याच्या बाजूच्या वाडीतली. दिवाळी झाली की आई हौसाबरोबर वीटभट्टीवर जायची ती थेट पावसाळ्याच्या तोंडाला परतायची. त्यामुळे वार्षिक परीक्षा काही तिच्या नशिबी नव्हती. वहीही कधी परवडली नाही, पण चाचण्यांत वर्गाच्या पुढे. बाईंचा तिच्यावर फार जीव. भट्टीवर निघाली तेव्हा त्यांनी तिच्या पिशवीत स्वतःच्या हाताने पाटी आणि पेन्सिली घातल्या.

त्या वर्षी भट्टीवर रूपाला हिवताप झाला. दवाखान्यात आणेपर्यंत पोर गेली.

काही दिवसांनी हौसा भट्टीच्या ट्रकमधून शाळेत आली. बराच वेळ व्हरांड्यातच उभी राहिली. मी तिला आत घेऊन आलो.

"बाई, माज्या रूपाच्या हातचं कायतरी द्या," ती म्हणाली. "आमच्याकं तिचा फोटू नाय, पाटीबी भट्टीवर फुटली. एकादा कागूद दिलात तरी पुरं."

बाईंनी कपाट उघडून सगळं बाहेर काढलं. रूपाचे गुण निघाले, चांगले निघाले. पण ते बाईंच्या अक्षरात.

"सगळं पाटीवर होतं गं," बाई म्हणाल्या. "मीच पुसायला लावलं."

हौसा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मंग तुमीच लिवा, तिच्यावानी. तुमी तर रोज बगत व्हतात."

बाईंनी कोरा कागद घेतला आणि लिहिलं, रूपा. वळणदार, मास्तरणीचं अक्षर. तो बाजूला सारून दुसरा घेतला. मग डाव्या हाताने लिहून पाहिलं. पोरीचे गुण तोंडपाठ होते, अक्षर काही केल्या आठवेना. त्या हुंदके देऊन रडल्या. इतकी वर्षं शेजारच्या वर्गात शिकवलं, त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

हौसाने ते कागद उचलून एकेक डोळ्यांजवळ धरला. तिला वाचता येत नव्हतं. पण भट्टीवर रूपा कोळशाने विटांवर आपलं नाव काढायची, ते तिने पाहिलं होतं. त्या विटा कधीच विकल्या गेल्या होत्या.

"नाय बाई," ती हळूच म्हणाली. "ही माजी रूपा नाय."

तिने कागद टेबलावर परत ठेवले. बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. आणि भट्टीचा ट्रक फाटकापाशी थांबला होता, त्यात जाऊन बसली.