गळ्याकडे बघणाऱ्या गायकवाड बाई

गायकवाड बाई बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, गळ्याकडे बघत. पहिल्यांदा त्या लालबागला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आल्या, तेव्हा मी त्यांना बाबांच्या अर्धांगवायूची सगळी हकिकत सांगत होतो आणि त्यांची नजर माझ्या शर्टाच्या पहिल्या बटणाच्या वर खिळलेली. मी ओशाळून कॉलर सारखी केली. त्या हसल्या. "सवय आहे हो. जीभ खोटं बोलते, गळ्याला ते जमत नाही. माणूस काय गिळतो ते गळ्यावर दिसतं."

ज्यांना गिळता येत नाही, बोलता येत नाही, त्यांच्या तोंडाचा व्यायाम घेणं हे त्यांचं काम. परळच्या एका केंद्रातून त्या घरोघरी जात. वय पंचावन्नच्या पुढे, गुडघे दुखणारे, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत टॉर्च, हातमोजे, लांब दांड्याचे चमचे आणि एक शिट्टी. बाबांना जे भरवायचं, त्यातला पहिला चमचा त्या स्वतः घेत. दवाखान्यातून दिलेली पावडर घालून घट्ट केलेलं पाणी खळीसारखं लागतं. तेसुद्धा त्या डोळे मिटून, स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून गिळत. "आधी मी. मग तुम्ही, दादा. मला नाही गेलं तर तुम्हाला कसं सांगू?"

आईनं पहिल्याच दिवशी त्यांचं आडनाव विचारलं, आणि चहा काचेच्या वेगळ्या पेल्यातून दिला. घरातले बाकीचे पेले स्टीलचे. बाईंनी पेल्याकडे एकदा बघितलं, चहा प्यायल्या, पेला स्वतः विसळून मोरीच्या कट्ट्यावर पालथा घातला. मी बघत होतो. मी बोलत नाही, हीच माझी ओळख. बाबा मला लहानपणापासून 'मुको' म्हणत.

बाबा मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. साच्यांच्या खडखडाटावर आवाज चढवून चढवून त्यांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. आता त्या तोंडाची उजवी बाजू लोंबत होती, लाळ गळत होती, आणि त्यातून एकच शब्द नीट निघत होता. चाय. पातळ पदार्थ त्यांना बंद होते. ते श्वासनलिकेत उतरतील आणि ठसकाही लागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

नायगावच्या चाळीत वाढलेल्या बाईंचे वडीलही साचेखात्यातलेच निघाले. मग त्या बाबांना चिडवायच्या. "काय हो दादा, गेटवर तुमचा आवाज दणाणायचा म्हणे! आणि आता ही एवढीशी शिट्टी वाजेना? माझे वडील असते तर हसले असते तुम्हाला." बाबा चिडून फुंकायचे. शिट्टीतून नुसती हवा यायची. "आली, आली! उद्या आवाज येईल. तुम्हाला बशीतून चहा पाजल्याशिवाय मी हा जिना सोडणार नाही."

मला मात्र त्यांनी जिन्यातच थांबवून सांगितलं, "मी आठवड्यातून दोनदा येणार, अर्धा अर्धा तास. माझ्या येण्यानं कुणी बरं होत नाही. उरलेला आठवडा तुमचा." सकाळी ऑफिसला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर, वीस वीस मिनिटं. हातमोजा घालून गालाच्या आतून बोट फिरवायचं. गार चमचा जिभेच्या कडांना लावायचा. चमच्याला जिभेनं रेटा द्यायला लावायचं. जीभ टाळूला दाबून जोरात गिळायला सांगायचं. आईची बोटं संधिवातानं वाकडी, घरात आम्ही तिघंच, म्हणजे हे काम माझंच होतं.

"आणि लिहून ठेवायचं," बाई म्हणाल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई दुधाचे खाडे मांडते, हे त्यांनी बघून ठेवलं होतं. ज्या दिवशी दूध घेतलं नाही, त्याच दिवशी फुली. घेतलं तर चौकोन रिकामा. "तसाच जिभेचा खाडा मांडा. केलं तर काही लिहू नका. चुकलं तरच लिहा. रोज रोज लिहायचं म्हटलं की माणसं कंटाळतात."

पहिले चार दिवस मी केलं. पाचव्या दिवशी बाबांनी माझं बोट चावलं. मुद्दाम नसेल. पण त्या ओल्या, आंबूस वास येणाऱ्या तोंडातून बोट काढताना मला जी किळस आली, ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. याच तोंडानं मला चारचौघांत मुको म्हटलं होतं, हेही त्या क्षणी आठवलं. तेव्हापासून मी पडदा ओढायचा, बाबांच्या कॉटवर बसायचं, आणि वीस मिनिटं मोबाईल बघायचा. पडद्यापलीकडे आईला वाटायचं, व्यायाम चाललाय. बाबा माझ्याकडे बघत राहायचे. मी कॅलेंडरवर काही खोटं लिहिलं नाही. मी काहीच लिहिलं नाही.

तीन आठवड्यांनी बाई कॅलेंडरपुढे उभ्या राहिल्या. "दुधाचे चार खाडे, जिभेचा एकही नाही! दूधवाल्यापेक्षा तुम्ही पक्के निघालात." मग बाबांकडे वळल्या. "दादा, करून घेतो ना हा?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. आणि मान हलवली. हो.

"तुम्ही सांगा," बाई मला म्हणाल्या. "सगळे दिवस?"

"हो," मी म्हणालो.

त्या दिवशी त्यांनी बाबांना ताठ बसवलं, हनुवटी खाली घ्यायला लावली आणि बशीतून तीन चमचे चहा पाजला. पहिला चमचा अर्थात त्यांनी घेतला. बाबांना ठसका लागला नाही. आवाजही घोगरा झाला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आई देवाला हात जोडत होती. "रोज सकाळी अर्धी बशी," बाई म्हणाल्या. "बाकी सगळं घट्टच. आणि व्यायाम सोडायचा नाही, त्याच्याच जोरावर हा चहा आहे." तेव्हाही मी बोललो नाही. रोज सकाळी मीच त्यांना बशी धरली.

सहाव्या दिवशी ताप आला. छातीत न्यूमोनिया. हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस काढून बाबा गेले.

तेराव्यानंतर बाई भेटायला आल्या. आईनं त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. "तुझ्या चायेन माझो माणूस नेल्यान. तुझा कधी बरा होवचा नाय. परत ह्या जिन्यार पाय ठेवू नको!" शेजारीपाजारी दारांत येऊन उभे राहिले. बाईंची नजर आईच्या खांद्यावरून कॅलेंडरवर गेली. मागच्या पानावरचे ते रिकामे चौकोन त्यांनी नुसते दाखवले असते, तरी प्रश्न माझ्याकडे वळला असता. मग त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं. मी आवंढा गिळला. त्या वळल्या आणि एक हात कठड्यावर, एक गुडघ्यावर ठेवत तीन मजले उतरल्या.

मामानं केंद्राकडे तक्रार लिहिली. सही मुलाची लागत होती. केली. बाईंचं घरोघरी जाणं बंद झालं, एवढं नंतर कानावर आलं.

मला त्यांच्या दारात जायला सहा वर्षं लागली. नायगावच्या खोलीत त्या लसूण सोलत बसल्या होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. किळस, पडदा, मोबाईल, सही. त्या सोलत राहिल्या.

"तेव्हा आईसमोर का नाही बोललात?" मी विचारलं.

"त्या बाईचा नवरा गेला होता. त्याच पंधरवड्यात मुलगापण काढून घेऊ?" मग सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "आणि माझं काय कमी चुकलं? दवाखान्यात नेऊन तपासून घ्यायचं सोडून मी कॅलेंडरवर गेले. व्यायाम केला असता तर दादा जगलेच असते, असंही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण एक सांगते. त्या दिवशी तुम्ही 'हो' म्हणालात आणि आवंढा गिळलात. मी बघितला होता तो."

"मग?"

"मला वाटलं, बापाला चहा मिळणार म्हणून पोराला भरून आलं."

निघताना त्यांनी चहा दिला. पहिला घोट माझ्यानं गिळवेना. त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या. "हळू," त्या म्हणाल्या. "हनुवटी खाली घ्या."

यंदा त्यांच्या मुलीचा फोन आला. आई गेली म्हणाली, वहीत तुमचा नंबर होता. त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. माझ्या आयुष्यात मी तिच्याशी एका दमात इतकं बोललो नव्हतो. शेवटी तिनं विचारलं, "त्या बाईक माहीत होता?"

"हो."

"आणि माका सांगल्यान नाय."

"नाही."

ती उठली. वरच्या फळीवर काचेचा पेला पालथा होता. बाईंनंतर तो कुणी वापरला नव्हता. तिनं वाकड्या बोटांनी तो काढला, पदरानं पुसला, आणि नुसता हातात धरून बसली.

"मी तिका शाप दिलंय," ती म्हणाली. "ती तर गेली. आता तो परत कसो घेव?"